रुग्णवाहिकेची रोजकीर्द

रुग्णवाहिका धावताना आपण सर्वांनी पाहिली आहे. भोंगा वाजतो, रस्त्यावरची माणसे बाजूला होतात आणि कोणीतरी मनातल्या मनात हात जोडतो. पण ती गाडी कोणाच्या सांगण्यावरून निघाली, नेमकी तीच का निघाली आणि जवळच उभी असलेली दुसरी का निघाली नाही, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो विचार करणारी माणसे रस्त्यापासून दूर एका खोलीत कानाला यंत्र लावून बसलेली असतात. त्या खोलीला नियंत्रण कक्ष म्हणतात.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकाशी किंवा यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. तरीही या कक्षाविषयी वाचू लागलो तेव्हा मला आपलाच विषय भेटल्यासारखे वाटले. पावती, रोजकीर्द, खातेवही आणि शिल्लक मालाची पडताळणी, हे सगळे तिथे आहे. फरक इतकाच की दुकानात नोंद चुकली तर पैसे जातात, आणि इथे नोंद चुकली तर माणूस जातो.

या खोलीतील पहिले उपकरण म्हणजे साधा दूरध्वनी. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने अग्निशामक दलाला फोन लावला होता, परंतु टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतर फोनांच्या रांगेत तोही ताटकळत राहिला. त्या प्रकरणाची चौकशी झाली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा संकटकाळचा क्रमांक सुरू झाला. हा क्रमांक फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. हातातले काम सोडून ऑपरेटर आधी तो फोन घेई. तातडीचा फोन रांगेतून बाहेर काढणे, हेच या सर्व यंत्रणेचे मूळ आहे.

फोन आला की पुढे काय होते? १९९२ पर्यंत लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत हे काम बहुतांशी कागदावर चाले. तो व्यवहार पायरीपायरीने समजून घेण्यासारखा आहे. फोन घेणारा कर्मचारी छापील अर्जावर माहिती लिहून घेई, नकाशांच्या पुस्तकात ती जागा शोधी आणि तिचा क्रमांक अर्जावर टाकी. ही झाली पावती. मग तो अर्ज सरकत्या पट्ट्यावरून खोलीच्या मध्यभागी जाई. तिथे दुसरा कर्मचारी तो वाचून शहराच्या तीन विभागांपैकी योग्य विभागाच्या माणसाकडे देई. एकाच अपघाताविषयी दोघातिघांनी फोन केले असतील तर तेही त्यानेच ओळखायचे. विभागाच्या माणसापुढे प्रत्येक गाडीचा वेगळा कप्पा असे. गाडी ठाण्यावर आहे, वाटेत आहे की इस्पितळात, याची नोंद त्या कप्प्यातील कागदावर होई. ही त्याची खातेवही. ती पाहून तो गाडी निवडी. शेवटचा कर्मचारी ठाण्याला फोन करी, आणि गाडी रस्त्यावर असली तर बिनतारी संदेश यंत्रणेवरून चालकाला निरोप जाई. हे सगळे तीन मिनिटांत उरकले पाहिजे, असा दंडक होता.

इथे एका गैरसमजाविषयी लिहिले पाहिजे. फोन करणारा घाबरलेला असतो. पलीकडून प्रश्नांमागून प्रश्न आले की तो चिडतो आणि म्हणतो, "विचारत काय बसलात? आधी गाडी पाठवा!" वास्तविक पद्धतशीर चालणाऱ्या कक्षात ही दोन कामे वेगवेगळ्या माणसांकडे असतात. जागा आणि मुख्य तक्रार कळताच ती नोंद गाडी पाठविणाऱ्यापुढे जाते, आणि प्रश्न विचारणारा पुढचे प्रश्न विचारत राहतो. त्या प्रश्नांमागेही शास्त्र आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे डॉ. जेफ क्लॉसन यांनी अशा प्रश्नांची पत्रे तयार केली. रोगी शुद्धीवर आहे का? श्वास चालू आहे का? उत्तरानुसार पुढचे पत्र काढायचे, निकड ठरवायची आणि गाडी पोहोचेपर्यंत काय करावे हे फोनवरूनच सांगायचे. छाती कशी दाबावी, रक्त कसे थांबवावे, हे ऐकून घरातलाच माणूस पहिला उपचार करू शकतो. प्रश्न ऐकून न घेता फोन ठेवणारा ही मदत स्वतःच नाकारतो.

आता संगणकाकडे वळू. लंडनची कागदी पद्धत खोटी नव्हती, पण थकलेली होती. सुमारे ६८ लाख वस्तीच्या शहरात दिवसाला दोन हजारांहून अधिक फोन येत. नकाशाचे पुस्तक चाळण्यात वेळ जाई, आणि एकाच अपघाताचे अनेक फोन ओळखणे कर्मचाऱ्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असे. म्हणून ठरले की संगणक पडद्यावर नकाशा दाखवील, प्रत्येक गाडीतील यंत्र तिचा ठावठिकाणा आपोआप कळवील, आणि चालकाजवळच्या बटणांवरून गाडी निघाली, पोहोचली, इस्पितळात गेली, मोकळी झाली हे कक्षाला समजेल. जवळची मोकळी गाडी संगणकच सुचवील. या कामासाठी निविदा मागविल्या गेल्या आणि दहा लाख पौंडांच्या आतील, सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारली गेली. निविदा कशा उघडाव्यात हे आपल्या पाठ्यपुस्तकात असते. सर्वांत कमी रक्कम म्हणजे सर्वांत कमी खर्च नव्हे, हे मात्र परीक्षेत कोणी विचारीत नाही.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी सकाळी ही यंत्रणा संपूर्ण शहरासाठी एकदम सुरू झाली. ८१ ज्ञात उणिवा तेव्हा दुरुस्त व्हायच्या बाकी होत्या. कागद बंद केले होते, आणि कक्षातील बसण्याची जुनी व्यवस्थाही बदलली होती. मग जे घडले ते हिशेबनिसाला चटकन समजेल. काही चालकांनी बटणे चुकीच्या क्रमाने दाबली, तर काही ठिकाणी बिनतारी संदेश पोहोचलेच नाहीत. त्यामुळे संगणकाच्या वहीत जी गाडी मोकळी होती ती प्रत्यक्षात रोगी घेऊन चालली होती, आणि प्रत्यक्षात मोकळी असलेली गाडी वहीत गुंतलेली होती. आपण ज्याला पुस्तकी शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक म्हणतो, त्या दोहोंचा मेळ सुटला. संगणक चुकीच्या वहीवरून हिशेब करू लागला. एका ठिकाणी दोन गाड्या गेल्या, दुसऱ्या ठिकाणी जवळची सोडून लांबची गेली. जिथे मेळ बसेना तिथे तो सूचना काढू लागला. त्या इतक्या साचल्या की नव्या सूचनांनी जुन्या पडद्याबाहेर ढकलल्या आणि त्यांकडे कोणाचे लक्षच जाईना. गाडी न आल्याने लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले. फोन वाढले की सूचना वाढत, आणि सूचना वाढल्या की उशीर वाढे.

दुसऱ्या दिवशी अर्धे काम पुन्हा माणसांच्या हाती देण्यात आले. परंतु ४ नोव्हेंबरच्या रात्री दोनच्या सुमारास संगणक साफ थांबला, आणि राखीव संगणकानेही त्याचे काम उचलले नाही. चौकशीत कारण सापडले ते असे. आज्ञावली लिहिणाऱ्याकडून तीन आठवड्यांपूर्वी एक तुकडा तसाच राहून गेला होता. प्रत्येक गाडी पाठविताना तो संगणकाच्या स्मृतीतील अगदी थोडी जागा घेई आणि परत करीत नसे. किरकोळ रोकड सांभाळणाऱ्याने दर व्यवहाराला एक पैसा बाजूला ठेवावा आणि तीन आठवड्यांनी पेटी रिकामी सापडावी, तसाच हा प्रकार. त्या रात्री लंडनचा कक्ष पुन्हा कागद-पेन्सिलीवर आला. पुढे १९९६ मध्ये तिथे नवी संगणक व्यवस्था आली. ती मात्र टप्प्याटप्प्याने, कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन आणि प्रत्येक टप्पा तपासून बसविण्यात आली.

यावरून संगणक वाईट आणि कागद चांगला, असा निष्कर्ष कोणी काढू नये. वही कातडी बांधणीची असो की विजेची, तिच्यातील नोंद रस्त्याशी जुळली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. दुकानदार वर्षातून एकदा मालाची मोजदाद करतो. नियंत्रण कक्षाला ती दर मिनिटाला करावी लागते. "गाडी कुठे आहे?" असे बिनतारी यंत्रणेवरून विचारणारा कर्मचारी खरे म्हणजे हिशेबतपासनीसाचेच काम करीत असतो.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या देशात १०८ ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली. कर्नाटकात ती नोव्हेंबर २००८ मध्ये आली आणि तिचा कक्ष बंगळुरूला उभारला गेला. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिथला कक्ष पुण्याला झाला. या कक्षांतही फोन घेणारा एक, गाडी पाठविणारा दुसरा आणि सल्ला देणारा डॉक्टर तिसरा, अशी कामाची वाटणी असते. लंडनमध्ये घडले ते दूरदेशीचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये कर्नाटकातील १०८ ची संगणक व्यवस्था तांत्रिक बिघाडामुळे कोलमडली, आणि कर्मचाऱ्यांना काही काळ हातानेच नोंदी घ्याव्या लागल्या. कागदावर काम कसे करावे हे विसरलेल्या कक्षाला अशा वेळी काय करता येईल?

आपण सीमाभागात राहतो, म्हणून आपल्यापुढे आणखी एक अडचण आहे. बेळगावहून बंगळुरू सुमारे पाचशे किलोमीटर दूर. तिथे फोन घेणाऱ्याला आपली गल्ली, आपली वेस, आपले मारुतीचे देऊळ ठाऊक असण्याचे कारण नाही. शिवाय मोबाईल कोणत्या टॉवरला लागला यावर फोन कुठे जाणार ते ठरते. हद्दीवरच्या गावातून लावलेला फोन पलीकडच्या राज्याच्या कक्षातही जाऊ शकतो. त्यात गावांची नावे! नुसते "वडगाव" म्हटले तर बेळगावचे वडगाव, कोल्हापूरकडचे पेठ वडगाव की मावळातले वडगाव? तेच बेळगावचे वडगाव कन्नड बोलणाऱ्याच्या तोंडी वडगावी होते. माझ्या घरी मराठी, शेजारी कन्नड. दोन्ही नावे आम्हांला सारखीच ओळखीची. पण पाचशे किलोमीटरवरच्या वहीत त्यांतले एकच नाव लिहिलेले असण्याचा संभव आहे.

म्हणून फोन करणाऱ्याने आधी जागा सांगावी, आणि ती वरून खाली सांगावी: राज्य, जिल्हा, तालुका, गाव, मग जवळची शाळा किंवा चौक. गावाला दोन नावे असतील तर दोन्ही सांगावीत. मध्येच फोन तुटला तरी जागा कळलेली असेल तर गाडी निघू शकते. रोगाचे वर्णन कळले आणि जागा राहिली तर निघू शकत नाही. त्यानंतर रोग्याला काय झाले ते सांगावे, विचारलेल्या प्रश्नांची थोडक्यात उत्तरे द्यावीत आणि पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नये. गाडी येण्याआधी रोग्याला दुसऱ्या वाहनाने नेले, तर तेही फोन करून कळवावे. नाहीतर वहीत एक गाडी विनाकारण गुंतून राहते, आणि तिची गरज असलेला दुसरा कोणीतरी वाट पाहत बसतो.

कीर्दीतली पहिली नोंद पावतीवरून होते, आणि पावतीच चुकीची असेल तर पुढचा ताळेबंद कितीही सुंदर अक्षरात लिहिला तरी व्यर्थ, असे आपल्याला पहिल्या वर्षी शिकवतात. रुग्णवाहिकेच्या कीर्दीत ती पावती आपण, फोन करणारे, लिहून देत असतो. आपल्यापैकी दोन्ही भाषा येणाऱ्यांनी आपल्या गल्लीचा आणि गावाचा पत्ता दोन्ही भाषांत नीट लिहून घरच्या फोनजवळ आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांजवळ ठेवला, तर सुट्टीतले एक दुपारचे काम होईल. त्याला खर्च काही नाही. जमेची बाजू किती मोठी ठरेल, ते वेळ आल्यावरच कळेल.