रात्री पाहणारी चिप

गेल्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. महाबळेश्वरजवळ त्याची स्ट्रॉबेरीची शेती आहे. रात्री गवे वाफ्यांत शिरतात, खातात थोडं आणि तुडवतात फार. एकदा राखणीला म्हणून बॅटरी घेऊन तो बांधावरून वळला, तर दहा पावलांवर गवा उभा! हातापायांनिशी परत आला हे नशीब. त्याचा प्रश्न सरळ होता, "सर, लष्कराकडे असतं तसं अंधारात बघायचं यंत्र आम्हाला परवडेल का?"

मी त्याला टीव्हीचा रिमोट हातात घ्यायला सांगितला. तुम्हीही करून पाहा. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. (मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात पाहा.) विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये थर्मामीटरच्या साहाय्यानं शोधलेले अवरक्त किरण ते हेच.

आपली नजर साधारण ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या रंगापाशी थांबते. कॅमेऱ्यातली सिलिकॉनची चिप मात्र ११०० नॅनोमीटरपर्यंत पाहू शकते. फोटोचे रंग बिघडू नयेत म्हणून तिच्यापुढे हे किरण अडवणारी गाळणी बसवतात. ती गाळणी काढा, शेजारी ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे लावा, की झालं रात्री पाहणारं यंत्र. सोसायटीच्या दारावरचा कॅमेरा रात्री कृष्णधवल दाखवतो तो असाच. लष्कराच्या जुन्या दुर्बिणीत निर्वात नळी असते. चांदण्याच्या उजेडातून सुटलेले इलेक्ट्रॉन ती हजारोपट वाढवून हिरव्या पडद्यावर आदळवते. तिला स्वतःचा दिवा लागत नाही, पण ती बनवणं नाजूक आणि महाग. चिपा मात्र कारखान्यात कोट्यवधींनी निघतात, म्हणून स्वस्त. जंगलातले 'कॅमेरा ट्रॅप' याच कुळातले. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मे २०१८ मध्ये वाघाच्या अस्तित्वाचा छायाचित्र-पुरावा मिळाला, तोही अशाच कॅमेऱ्यातून.

"पण मग दिवा न लावता गव्याच्या अंगाची ऊब दिसेल का?" त्यानं विचारलं. पोरगा वर्गातही असाच आडवा प्रश्न टाकायचा. उबदार शरीरातून निघणारे किरण मुख्यतः दहा मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे सिलिकॉनच्या मर्यादेच्या जवळजवळ नऊपट लांब. त्यांच्या एकेका कणात सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करण्याइतकी ताकदच नसते. त्यावरची युक्ती मला फार आवडते : किरण पाहायचे नाहीत, त्यांनी किती तापवलं ते मोजायचं. चिपेवर सूक्ष्म पूल अधांतरी बांधतात. ऊब पडली की पूल अंशाच्या अगदी छोट्या भागानं तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि खालची नेहमीची चिप तो बदल वाचते. अमेरिकेत १९८० च्या दशकात हनीवेल कंपनीनं हे लष्करासाठी विकसित केलं. पूर्वीच्या उष्णता-कॅमेऱ्यांना लागणारं अतिथंड शीतकरण यात नको. तरी भिंग साध्या काचेचं चालत नाही, कारण काच हे किरण गिळते. ते जर्मेनियमचं लागतं, आणि किंमत तिथंच अडते.

त्यानं अखेर अवरक्त दिव्यांचे दोन साधे कॅमेरे घेतले आणि बांधावर खांबांना बांधले. आता गवा आला की तो घरूनच मोबाइलवर पाहतो, ओरडतो तेही घरातूनच. स्ट्रॉबेरीचा हंगाम थंडीचा, आभाळ निरभ्र, यंत्राला पोषक.

जूनमध्ये मात्र फोन आला, "सर, सगळं पांढरं दिसतंय." धुक्याचे थेंब अवरक्त लहरींहून कितीतरी मोठे असतात; ते आपल्याच दिव्याचा उजेड परत कॅमेऱ्याच्या तोंडावर फेकतात. मोटारीचे मोठे दिवे लावून धुक्यातून आंबेनळी घाट उतरलेल्याला हे सांगायला नको. महाबळेश्वरला २०१२ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं मेघभौतिकीची प्रयोगशाळा उभारली, ती याच ढगांच्या अभ्यासासाठी. दाट धुक्यात उष्णता-कॅमेऱ्याचीही नजर आखडते. त्याला सांगितलं, पावसाळ्यात शेतात पीकही नाही, कॅमेरे काढून कोरड्या जागी ठेव. आणि घाटात रात्री गाडी हळू चालव, गवा रस्त्यावर अजूनही उभा असतो.