वसईचा जय आणि चौथा साक्षीदार

सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली, हें भिवंडीकर वाचकांस नव्यानें सांगावयास नको. वसई आमच्या शेजारचीच. आम्ही त्या युद्धास देशाची व धर्माची सोडवणूक म्हणतों. लिस्बनच्या इतिहासकारास तोच प्रसंग 'उत्तरेकडील प्रांत' गमावल्याचा, म्हणून शोकाचा. आणि मुंबईकर इंग्रज? त्यांनीं वेढ्यांत सांपडलेल्या पोर्तुगीजांस १५,००० रुपये दिले, तेही चर्चमधील चांदी व पितळी तोफा तारण घेऊन! पुढें त्याच वर्षीं कॅप्टन इंचबर्डकरवीं अप्पांशीं व्यापाराचा तह पदरांत पाडून घेतला. व्यापारी वाचकांस हा जमाखर्च फोडून सांगण्याची गरज नाहीं.

परंतु या तिन्ही कैफियतींत चौथा साक्षीदार कोणी बोलाविलाच नाहीं. तो म्हणजे वसईचा ख्रिस्ती शेतकरी. पोर्तुगीज गेले, हा बहुतांशीं आपल्या वाडींतच राहिला, आणि त्याची भाषा मराठीच राहिली. वसईच्या लुटींतील म्हणून प्रसिद्ध असलेली नाशिकची नारोशंकराची घंटा आम्हांस जयघोष वाटते. त्यास ती कशी ऐकूं येत असेल?

शरणागतीच्या कलमांत मागें राहणारांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक लिहून दिलेली होती. अप्पांच्या थोरवीचा भक्कम पुरावा आम्हांस तेथें दिसतो, तटाखालीं उडविलेल्या सुरुंगांत तितका नव्हे. वसई-विजयाच्या उत्सवांत सुरुंगांचें वर्णन रंगतें. त्याबरोबर हें कलमही मोठ्यानें वाचावें, आणि ऐकावयास वसईच्या ख्रिस्ती बांधवांस अगत्यानें बोलवावें, अशी चालकांस आमची सूचना आहे.