विश्वकिरणांचे माहेर

१९१२ साली व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ उपकरणे घेऊन बलूनमधून पाच किलोमीटरांहून अधिक उंच गेला. तेथे भेदक किरणांचा मारा जमिनीवरच्यापेक्षा बराच जास्त आढळला. हे किरण अवकाशातूनच येत होते. त्यांना आपण विश्वकिरण म्हणतो. त्यांत मुख्यतः वेगवान प्रोटॉन असतात.

पण ते येतात कोठून? १९३४ मध्ये बाडे व झ्विकी यांनी उत्तर सुचविले : अतिनवताऱ्यांपासून. ताऱ्याचा स्फोट झाला की त्याचे द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकले जाते. त्यापुढे धावणाऱ्या आघात-तरंगाच्या अलीकडे-पलीकडे टोलविले जाता जाता प्रोटॉनांची ऊर्जा वाढत जाते.

हे सिद्ध कसे करायचे? प्रोटॉनवर विद्युतभार असल्यामुळे आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रे त्याची वाट वारंवार वळवितात. पत्र हाती आले, पण टपालाचा शिक्का पुसलेला, अशी ही गत!

गॅमा किरणांना विद्युतभार नसतो. ते उगमापासून सरळ येतात. २००४ साली नामिबियातील, हेसचेच नाव दिलेल्या दुर्बिणींनी वृश्चिक राशीतील एका अतिनवताऱ्याच्या अवशेषाचे कवच गॅमा किरणांत टिपले. तेथे अतिवेगवान कण आहेत हे नक्की झाले. मात्र वेगवान इलेक्ट्रॉनही गॅमा किरण निर्माण करतात. मग हे काम कोणाचे?

प्रोटॉनांची एक खास खूण आहे. वेगवान प्रोटॉन वायूच्या ढगावर आदळला, की उदासीन पायॉन हा कण जन्मतो आणि क्षणार्धात फुटून दोन गॅमा किरण देतो. पायॉन स्थिर असेल तर प्रत्येकाची ऊर्जा सुमारे ६.७५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. म्हणून अशा गॅमा किरणांचा वर्णपट साधारण २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली झपाट्याने उतरतो. इलेक्ट्रॉनांपासून निघालेल्या किरणांत असा उतार सहसा दिसत नाही.

वातावरण गॅमा किरणांना अडविते. म्हणून २००८ मध्ये फर्मी दुर्बीण अवकाशात सोडण्यात आली. चार वर्षांच्या निरीक्षणांनंतर, २०१३ साली, मिथुन राशीतील आयसी ४४३ आणि गरुड तारकासमूहातील डब्ल्यू ४४ या दोन अवशेषांत नेमका तोच उतार सापडला. निदान या दोन ठिकाणी तरी प्रोटॉनांना वेग मिळतो, हे ठरले.

सर्वाधिक ऊर्जेचे विश्वकिरण कोठून येतात, हे कोडे अजून उरले आहे. फेब्रुवारीच्या रात्री मिथुन रास पाहाल, तेव्हा तिच्या पायाशी, सुमारे पाच हजार प्रकाशवर्षांवर, विश्वकिरणांचे एक माहेर आहे हे आठवा.