दिवा डोळ्यात नको, कामावर हवा

समुद्रातल्या एलईडी मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. त्यावर आपण अजून बोलतो, भांडतो. पण किनाऱ्यावरच्या दिव्यांचं काय? जेटी, रस्ता, शॅक, हॉटेल, सगळीकडे पांढरा झगझगाट. जास्त उजेड म्हणजे जास्त सुरक्षा, असं आपल्याला वाटतं. रात्री दर्यावरून परतणाऱ्या तांडेलाला विचारा, तो वेगळंच सांगेल.

काळोखात डोळे पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. समोरून फ्लडलाईट डोळ्यात गेला की ही सवय काही क्षणांत मोडते. मग पाण्यातला खडक, दुसऱ्याच्या जाळ्याचा बोया, दिवा नसलेली लहान होडी दिसत नाही. होडीला डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा असतो. मागे किनाऱ्यावर रंगीत माळा झगमगत असतील, तर यातला होडीचा दिवा कुठला हे ओळखायला वेळ जातो. नदीच्या तोंडाशी तेवढा वेळ आपल्याकडे नसतो.

दुसरी गोष्ट कासवांची. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबागच्या वाळूत ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात, तीही बहुतेक रात्रीच. जमिनीकडे झाडांचा काळोख आणि समुद्राकडे थोडा उजेड, एवढ्याच खुणेवर ती पाणी गाठतात. रस्त्याचा दिवा जास्त उजळ असला तर ती उलटी चालू लागतात. मग कुर्ल्या, कुत्रे, नाहीतर सकाळचं ऊन त्यांना गाठतं. अंडी घालायला आलेली मादीसुद्धा झगझगीत किनारा बघून माघारी फिरते.

यासाठी जेटी काळोखात ठेवायची गरज नाही. दिवा नीट लावला की झालं:

🔹 दिव्याला वरून आणि पाण्याच्या बाजूने टोपी हवी. उजेड खाली, कामावर पडावा.
🔹 उंच खांबावर एक मोठा फ्लडलाईट लावण्यापेक्षा ठेंगणे, कमी वॅटचे चार दिवे बरे. मासळी निवडताना सावलीही कमी पडते.
🔹 निळसर पांढरा नको, पिवळसर घ्या. बॉक्सवर 2700 केल्विन किंवा त्याहून कमी आकडा बघा. कासवांच्या किनाऱ्याला केशरी किंवा लाल उत्तम.
🔹 मासळी उतरवताना पूर्ण उजेड, नंतर टायमर किंवा सेन्सर. वीजबिलही उतरेल.
🔹 सुकाणूजवळचा दिवा मंद लाल ठेवा, डोळ्यांची सवय मोडत नाही.

⚠️ होडीचे नियमाचे दिवे आणि बंदराचे मार्ग दाखवणारे दिवे मात्र कधीच झाकायचे किंवा बंद करायचे नाहीत.

दिवे बरोबर लागलेत की नाही हे जेटीवर उभं राहून कळत नाही, पाण्यातून बघावं लागतं. आज रात्री परतताना किनाऱ्याकडे बघा. जिथे जमीन उजळलेली दिसते पण बल्ब दिसत नाही, तो दिवा बरोबर. जो बल्ब थेट डोळ्यात घुसतो, तो लक्षात ठेवा. जेटीवरचा असेल तर आपणच वळवूया, रस्त्याचा असेल तर पंचायतीला लेखी कळवूया, आणि शॅकचा असेल तर मालकाशी जाऊन बोलूया. पुष्कळदा नुसता दिव्याचा कोन बदलला तरी काम होतं.