सावित्रीचा कोप, राजकन्येचे दूध : धबधब्यांच्या जन्मकथा

सह्याद्रीच्या मुलखात नदी जिथे नेहमीची चाल सोडते, तिथे बहुधा एखादी गोष्ट ऐकायला मिळते. कड्यावरून कोसळणारे, खडकांत फुटून खळाळणारे किंवा भलत्याच दिशेला वळणारे पाणी पाहिले की ‘हे असे का?’ हा प्रश्न पडतोच. त्याचे उत्तर देणाऱ्या कथांना लोकसाहित्याचे अभ्यासक उत्पत्तिकथा म्हणतात. कोल्हापूर आणि आसपासच्या प्रदेशात त्यांचे ठळक नमुने सापडतात.

कोल्हापूरची पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. त्या कृष्णेच्या जन्माची कथा क्षेत्र महाबळेश्वरची आहे. ब्रह्मदेवाने तिथे यज्ञ मांडला. मुहूर्त टळत चालला तरी पत्नी सावित्री येईना, तेव्हा तिच्या जागी गायत्रीला बसवून विधी सुरू केला. मागाहून आलेल्या सावित्रीने ते पाहिले आणि संतापून देवांना ‘नद्या व्हा’ असा शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा आणि ब्रह्मदेवाची ककुद्मती, म्हणजे कोयना. सावित्री आणि गायत्रीही नद्या झाल्या, पण त्या पश्चिमेला वळल्या. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात या पाचही नद्यांचे पाणी एकाच गोमुखातून पडते.

कथेतली ही फाटाफूट नकाशावरही दिसते. कृष्णा पूर्वेकडच्या मंद उतारावरून सुमारे १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र घाटमाथ्यावरून खोल दरीत उतरते आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटला अरबी समुद्र गाठते. एकाच डोंगरावर उगम असूनही एक नदी शांत आणि दुसरी कड्यावरून झेपावणारी का, याचा उलगडा कथेने सावित्रीच्या रागातून केला.

कोल्हापूर जिल्ह्यातून वाहणाऱ्या हिरण्यकेशी नदीलाही देवीचा मान आहे. आंबोलीजवळच्या गुहेतून तिचे पाणी बाहेर येते. तिथे पार्वतीचे स्थान असून हिरण्यकेशी हे देवीचेच नाव मानले जाते. पुढे आजऱ्याजवळ रामतीर्थ येथे नदी खडकांत विभागते आणि छोट्या धबधब्यांनी खाली उतरते. वनवासात राम इथे राहिला, अशी श्रद्धा असून काठावर मंदिर आहे. इथे कथा पाण्याच्या उडीचे कारण सांगत नाही. ती त्या जागेला देवाचा सहवास जोडते आणि खडकाळ पात्राचे तीर्थ करते. हेच पाणी पुढे घटप्रभेत जाते आणि बेळगाव जिल्ह्यात गोकाकला ५२ मीटर खोल कोसळते.

गोव्याच्या सीमेवरचा दूधसागर ३१० मीटर उंच आहे. त्याच्या कथेत रागाची जागा लज्जेने घेतली आहे. जंगलातल्या राजवाड्यात राहणारी राजकन्या रोज तळ्यात स्नान करी आणि सोन्याच्या घागरीतून साखर घातलेले दूध पिई. एके दिवशी झाडीआडून एक राजपुत्र पाहत असल्याचे तिच्या ध्यानात आले. तिने घागर समोर ओतली, दुधाचा पडदा तयार झाला आणि त्याआड दासींनी तिला वस्त्रे दिली. ते दूध अजून वाहते आहे, असे कथा सांगते. प्रत्यक्षात पडताना पाण्यात हवा मिसळून असंख्य बुडबुडे होतात आणि प्रकाश विखुरल्याने ते पांढरे दिसते.

पाणी अनेक धारांत का फुटते, याचे उत्तर नर्मदेकाठी मिळते. अहिल्याबाई होळकरांची राजधानी असलेल्या महेश्वरजवळ सहस्रधारा हे ठिकाण आहे. कथेनुसार सहस्रार्जुन राजाने आपल्या हजार हातांनी नर्मदा अडवली. तुंबलेले पाणी उलटे चढले आणि काठावर शिवपूजा करणाऱ्या रावणाची फुले वाहून गेली. नदी मात्र हातांच्या फटींतून निसटली, त्याच या धारा. परदेशांतही कथांची जात हीच आहे. दक्षिण अमेरिकेतील इग्वासू धबधब्याच्या कथेत प्रेमी युगुल होडीतून पळून जाते, तेव्हा चिडलेला सर्पदेव नदीचे पात्रच चिरतो.

भूशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्यातले काही थर घट्ट, तर काही सच्छिद्र आणि लवकर झिजणारे आहेत. खालचा मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर पुढे लोंबकळतो आणि शेवटी तुटून पडतो. त्यामुळे कडा उभा राहतो आणि धबधबा हळूहळू मागे सरकतो. नदीच्या पात्रात कठीण खडक आडवा आला की पाणी त्याच्या भेगांतून वाट काढते. तिथे खळाळ आणि अनेक धारा होतात. सह्याद्रीची पश्चिम बाजू उभी आणि समुद्र जवळ असल्याने तिकडच्या नद्यांची उडी मोठी असते.

कथा आणि शास्त्र यांनी नेमकी तीच स्थळे हेरली आहेत: जिथे उतार तुटतो, पात्र फुटते किंवा पाणी दिशा बदलते. कथेसाठी शाप, लज्जा किंवा गर्व यांच्या एका क्षणात धबधबा घडून जातो. शास्त्राच्या हिशेबात तो अजून घडतोच आहे.