माणूस एक, कागदावर नावं तीन : स्पेलिंगचा प्रश्न हलक्यात घेऊ नका

शाळेच्या दाखल्यावर ‘शेख मोहम्मद युसूफ’, आधारवर ‘मो. युसूफ शेख’ आणि रेशन कार्डावर नुसतंच ‘युसूफभाई’. आपल्यापैकी अनेकांच्या घरात असा एखादा युसूफ असतोच. एरवी काही बिघडत नाही. पण शिष्यवृत्ती, पासपोर्ट किंवा वारस नोंदीची वेळ आली, की प्रतिज्ञापत्रांसाठी धावपळ सुरू होते.

असं का होतं?

आपल्याकडे नाव लिहिण्याच्या रीती अनेक. शेख, सय्यद, खान कुणी आधी लावतं, कुणी शेवटी. मोहम्मद कुणी पूर्ण लिहितं, कुणी ‘मो.’ करतं. बायकांच्या नावात कुठे ‘बी’, कुठे ‘बेगम’. यातली कोणतीच रीत चूक नाही. पण सरकारी फॉर्मचे रकाने ठरलेले असतात: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपण ठरवून सांगितलं नाही, तर समोरचा कारकून त्याला समजेल तसं भरतो.

नियम काय सांगतात?

१ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात क्रम ठरला आहे: स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. तसंच १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच मुख्य मानलं जातं. म्हणजे तिथे झालेली चूक पुढे शाळा, आधार, पासपोर्टपर्यंत सोबत येते. आखातात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली. त्यामुळे आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका.

मग करायचं काय?

बाळाची जन्मनोंद २१ दिवसांत करा. नाव ठरलं नसेल, तर ते नंतरही घालता येतं, वर्षभरात शुल्काशिवाय. घाई नको, पण मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग आधी कागदावर लिहून मगच द्या. ‘मो.’ नको असेल, तर पूर्ण ‘मोहम्मद’ लिहायचा आग्रह तिथेच धरा. पुढे सगळीकडे तेच अक्षर न् अक्षर उतरवा, निकाहनाम्यातही.

मोठ्यांनी सगळी कागदपत्रं एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. आधारवरचं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं, म्हणून आधी कोणतं रूप कायम ठेवायचं ते ठरवा. फरक मोठा असेल, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याची सोय आहे.

घरी युसूफभाई म्हणा, लग्नपत्रिकेवर हवं तसं सजवून छापा. ती आपली हौस, आपली ओळख. पण हक्क मागायचा कागद आला, की नाव एकच असू द्या. कोणतं, ते आपण ठरवू. कारकुनावर सोडायला नको.