नालवाडीचा पाऊस जर्नलपर्यंत पोचतो तेव्हा

६५, १०० आणि १५०. हे तीन आकडे मिलिमीटरमधल्या पावसाचे आहेत. महसूल मंडळातल्या केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की महाराष्ट्रात त्याला अतिवृष्टी म्हणतात आणि पंचनाम्यांची चर्चा सुरू होते. वर्ध्याला खेटून असलेल्या नालवाडीतल्या सोयाबीन-कापूस उत्पादकाला हा आकडा तोंडपाठ असतो. हवामानशास्त्राच्या जर्नलांमध्ये मात्र मध्य भारतातल्या टोकाच्या पावसाची चर्चा १०० आणि १५० मिलिमीटरच्या उंबरठ्यांवर चालते. दप्तरातला आकडा आणि निबंधातला आकडा यांमधला प्रवास समजला, तर वर्ध्यातल्या एखाद्या महाविद्यालयात बसलेला विद्यार्थीही हवामानशास्त्राच्या चांगल्या जर्नलला शोधनिबंध पाठवू शकतो. हा लेख त्या प्रवासाचा हिशेब मांडतो.

२० मिलिलिटरपासून सुरुवात

पर्जन्यमापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे त्यात साठलेलं २० मिलिलिटर पाणी. ६५ मिलिमीटरला १.३ लिटर पाणी जमतं, १५० मिलिमीटरला ३ लिटर. सकाळी साडेआठला निरीक्षक हे पाणी मोजनळीत ओततो आणि आकडा वहीत लिहितो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. त्यामुळे दुपारी दोनला कोसळलेला पाऊस पुढच्या तारखेच्या खात्यात जमा होतो. वर्तमानपत्रातली तारीख आणि नोंदीतली तारीख जुळत नाही, असं नवख्या अभ्यासकाला वाटतं. त्याचं कारण बहुधा एवढंच असतं.

अशा वह्यांमधून देशाचा नकाशा कसा तयार होतो? डी. एस. पै, लता श्रीधर, एम. राजीवन, ओ. पी. श्रीजित, एन. एस. सातभाई आणि बी. मुखोपाध्याय यांनी २०१४ मध्ये याचं उत्तर एका निबंधात दिलं. १९०१ ते २०१० या ११० वर्षांतल्या ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी त्यांनी घेतल्या आणि देशावर पाव अंशाची जाळी टाकून प्रत्येक बिंदूला रोजचा पाऊस काढला. जाळीत १३५ × १२९, म्हणजे १७,४१५ बिंदू आहेत. ११० वर्षांचे दिवस भरतात ४०,१७७. ही माहिती हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येते.

या जाळीत नालवाडी कुठे येते? गाव साधारण २०.७५ उत्तर अक्षांशावर आणि ७८.६ पूर्व रेखांशाच्या आसपास आहे. जाळी ६.५० उत्तर आणि ६६.५० पूर्व येथून सुरू होते. दक्षिणेकडून मोजत गेलं की ५८वी ओळ २०.७५ची येते. पश्चिमेकडून ४९वा स्तंभ ७८.५०चा आणि ५०वा ७८.७५चा. नालवाडी या दोन स्तंभांच्या मध्ये पडते. म्हणजे नालवाडीचा म्हणून स्वतंत्र आकडा या माहितीत नाही. आजूबाजूच्या केंद्रांवरून गणिताने काढलेले दोन शेजारी आकडे आहेत. वर्ध्याच्या अक्षांशावर पाव अंशाचा चौकोन सुमारे ७२० चौरस किलोमीटरचा होतो. ६,३०९ चौरस किलोमीटरच्या वर्धा जिल्ह्यात असे जेमतेम नऊ चौकोन बसतात.

‘नालवाडीत अतिवृष्टी वाढली’ असं शीर्षक देऊन या माहितीवर निबंध लिहिला, तर समीक्षक पहिल्याच परिच्छेदावर बोट ठेवेल. ‘वर्धा परिसरातल्या दोन जाळीबिंदूंवर’ असं लिहिलं तर तो पुढे वाचेल. हा शब्दांचा काटेकोरपणा म्हणजेच अर्धं संशोधन आहे.

एकच पाऊस, तीन निष्कर्ष

वर्धा ज्या पट्ट्यात येतं, त्या मध्य भारतातल्या पावसावर तीन निबंध फार गाजले.

पहिला डिसेंबर २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या ५० पावसाळ्यांच्या नोंदींवरून दाखवून दिलं, की टोकाच्या पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. हंगामाची सरासरी मात्र जवळपास तिथेच राहिली, कारण वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकत होत्या. फक्त हंगामाची बेरीज बघणाऱ्याला हा बदल कधीच दिसला नसता.

दुसरा निबंध २००८ मधला. एम. राजीवन, ज्योती भाटे आणि ए. के. जसवाल यांनी १९०१ ते २००४ अशी १०४ वर्षं तपासली आणि अति मुसळधार पावसाच्या घटनांत दर दशकाला ६ टक्के वाढ नोंदवली. शिवाय दशकादशकांमध्ये मोठे चढउतार दिसतात, हेही स्पष्ट लिहिलं.

तिसरा ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल, मिलिंद मुजुमदार यांच्यासह मुंबई आयआयटीचे सुबिमल घोष, अमेय पाठक वगैरे त्याचे लेखक. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या टोकाच्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्या, असं त्यांनी मांडलं. अरबी समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांमध्ये वाढलेल्या चढउतारांशी त्याचा संबंध जोडला. याच निबंधात त्या काळातल्या २६८ पुरांचा आणि ६९ हजार मृत्यूंचा उल्लेख आहे.

६ टक्के आणि तिप्पट हे आकडे शेजारी ठेवले, की खरं कोणतं असा प्रश्न सहज पडतो. पण मोजलेल्या गोष्टीच वेगळ्या आहेत. एकाचा काळ १०४ वर्षांचा, दुसऱ्याचा ६६ वर्षांचा. एकात घटनांची एकूण संख्या आहे, दुसऱ्यात फक्त विस्तृत प्रदेशावरच्या घटना. जाळीही निराळी. गोस्वामींच्या निबंधातली जाळी एक अंशाची होती, रॉक्सींच्या निबंधातली पाव अंशाची, म्हणजे २०१४ च्या निबंधात बांधलेली तीच.

जाळीचा आकार बदलला की उंबरठ्याचा अर्थही बदलतो. वर्ध्याजवळ एक अंशाचा चौकोन सुमारे ११,५०० चौरस किलोमीटरचा होतो. अख्खा वर्धा जिल्हा त्याच्या निम्म्याहून थोडाच मोठा आहे. एवढ्या प्रदेशावर सरासरी १५० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ६१ टीएमसी पाणी. जायकवाडी धरणाची एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे एका दिवसात जायकवाडीच्या निम्म्याहून जास्त पाणी आभाळातून आलं. उलट एकाच पर्जन्यमापकावर १५० मिलिमीटर पडायला एक तगडा ढग पुरतो. ‘१५० मिलिमीटर’ दोन्हीकडे लिहिलं जातं, पण एकीकडे ती प्रादेशिक आपत्ती असते आणि दुसरीकडे एखाद्या गावाची. जुलै २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यात पूर आला तेव्हा मंडळनिहाय आकडे रोज प्रसिद्ध होत होते. ते जाळीच्या आकड्यांना थेट भिडवणं चूक ठरेल.

वाद एवढ्यापुरता नव्हता. २०१२ मध्ये सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये लिहिलं, की देशभर टोकाच्या पावसाचा एकसारखा कल दिसत नाही, ठिकाणाठिकाणांमधला फरक मात्र वाढतोय. २०१९ मध्ये मरिना लिन आणि पीटर हायबर्स यांनी आणखी मुळाशी जाऊन विचारलं: कुठल्या केंद्रांनी नोंद कळवली आणि कुठल्या केंद्रांची राहून गेली, यामुळेच हे कल वाकडे झाले असतील तर? म्हणजे सकाळी साडेआठची ती एक नोंद चुकली, तर त्याचा परिणाम जगातल्या नामांकित जर्नलमधल्या आलेखापर्यंत पोचू शकतो. सुबिमल घोष २०१२ च्या निबंधातही आहेत आणि २०१७ च्याही. शास्त्रात माणूस एका बाजूला बांधलेला नसतो, हे यावरून दिसतं.

‘मौसम’ : आपल्या घरचं जर्नल

६,९५५ केंद्रांचा तो २०१४ चा निबंध परदेशी जर्नलमध्ये आला नव्हता. तो हवामान खात्याच्या स्वतःच्या ‘मौसम’ या त्रैमासिकात, ६५व्या खंडाच्या पहिल्या अंकात छापला गेला. हे त्रैमासिक १९५० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मिटिऑरॉलॉजी अँड जिओफिजिक्स’ या नावाने सुरू झालं आणि १९७९ पासून ‘मौसम’ नावाने निघतं. त्याचे अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. भारतीय पावसावर काम करणारा जगातला जवळपास प्रत्येक गट त्या २०१४ च्या निबंधाचा आधार घेतो.

जर्नलच्या नावापेक्षा निबंधातल्या कामाचं आयुष्य मोठं असतं, याचा याहून चांगला पुरावा नाही. आपल्याकडे पहिल्याच निबंधाला परदेशी जर्नल हवं असा आग्रह धरला जातो. जिल्हा पातळीवरचं काम, एखाद्या खोऱ्यातल्या पावसाचं विश्लेषण, स्वयंचलित आणि जुन्या केंद्रांच्या नोंदींची तुलना हे विषय ‘मौसम’च्या वाचकांचेच आहेत. तिथले समीक्षक वर्धा कुठे आहे हे विचारणार नाहीत. ते थेट माहितीबद्दल विचारतील.

खर्चाचा हिशेब

खुल्या स्वरूपात निबंध छापणारी अनेक मोठी जर्नलं लेखकाकडून शुल्क घेतात. ‘नेचर कम्युनिकेशन्स’चं शुल्क सहा हजार डॉलरच्या वर आहे, म्हणजे पाच लाख रुपयांहून अधिक. ‘क्लायमेट डायनॅमिक्स’सारख्या जर्नलांत दोन वाटा असतात: शुल्क भरून निबंध सर्वांसाठी खुला करा, किंवा शुल्क न भरता वर्गणीदारांपुरता छापा. दुसऱ्या वाटेने गेल्यास खिशाला तोशीस पडत नाही आणि समीक्षाही तीच होते.

वाचण्याचा खर्च हा दुसरा अडथळा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक देश, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नलं, ६,३०० हून अधिक संस्था आणि १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक. भागाकार केला तर माणशी वर्षाला सुमारे १,१०० रुपये. निवडक खुल्या जर्नलांचं शुल्क भरण्यासाठी वर्षाला १५० कोटींपर्यंतची तरतूदही आहे. एका निबंधाला पाच लाख धरले, तर ती ३,००० निबंधांना पुरेल. मात्र योजनेचा पहिला रोख सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांवर आहे. छोट्या गावातल्या खासगी महाविद्यालयातला विद्यार्थी बाहेर राहिला, तर दरी भरण्याऐवजी रुंदावेल. ही योजना त्यांच्यापर्यंत न्यायलाच हवी.

दोन दिवसांत ‘स्वीकृत’

बनावट जर्नलांच्या फसवणुकीचे आकडेही बघायला हवेत. भूषण पटवर्धन, शुभदा नागरकर, श्रीधर गद्रे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि यूजीसीच्या मान्यतायादीत शिरलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ त्यांनी पडताळली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढून टाकली. अशा नियतकालिकांत छापल्या गेलेल्या हजारो निबंधांमागे विद्यार्थ्यांचा पैसा आणि वर्षं होती. त्या जर्नलांना निबंधातला आकडा, आलेख किंवा जाळी यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही अट यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली, त्यामुळे घाई करण्याचं एक मोठं कारणही आता उरलेलं नाही.

खरं जर्नल ओळखायचा एक सोपा उपाय आहे. बहुतेक चांगली जर्नलं निबंधाच्या पहिल्या पानावर तो कधी आला आणि कधी स्वीकारला गेला, या दोन तारखा छापतात. ज्या जर्नलला पाठवायचं, त्यातले अलीकडचे दहा निबंध उघडा आणि दोन तारखांमधले दिवस मांडा. आकडा महिन्यांत आला तर कुणीतरी वाचतंय. तो दोन-चार दिवसांत आला तर तिथे पाठवू नका.

समीक्षक काय विचारतो

पावसावरच्या निबंधाला येणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. माहिती केंद्राची की जाळीची? कोणत्या वर्षी किती केंद्रं चालू होती? गहाळ नोंदींचं काय केलं? (हवामान खात्याच्या जाळीत गहाळ नोंद उणे ९९९ अशी असते, ती काढायची राहिली की सरासरी शून्याखाली जाते आणि निबंध तिथेच संपतो.) उंबरठा १०० का, १५० का? एका बिंदूवर वर्षाला असे दिवस मोजकेच, मग तुमचा कल योगायोग नाही कशावरून? गोस्वामींनी म्हणूनच १२ अंश × १० अंशांचा पूर्ण पट्टा एकत्र घेतला; १२० चौकोन × पावसाळ्याचे १२२ दिवस म्हणजे एका हंगामात सुमारे १४,६४० आकडे.

या प्रश्नांची उत्तरं निबंध पाठवण्याआधीच त्यात लिहून टाकावीत. ‘सुधारणा करून पुन्हा पाठवा’ असं पत्र आलं, तर ती चांगली बातमी समजावी. प्रत्येक शेऱ्याखाली आपलं उत्तर आणि कोणत्या ओळीत काय बदललं ते लिहावं. शेरा पटला नाही, तर आकडा देऊन नम्रपणे तसं सांगावं. ‘ॲटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स’ हे युरोपीय जर्नल २००१ पासून समीक्षकांचे शेरे आणि लेखकांची उत्तरं सर्वांना वाचायला खुली ठेवतं. नवशिक्याने तिथले पाच-सहा संवाद वाचले, तर समीक्षेची भीती निघून जाते.

निबंधासाठी विषयही हाताशी आहे. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. जुन्या पर्जन्यमापकांशी त्यांचे आकडे किती जुळतात, ६५ मिलिमीटरचा उंबरठा दोन्हींवर एकाच दिवशी ओलांडला जातो का, हे प्रश्न वर्धा जिल्ह्यात बसूनच सुटू शकतात. त्यावर शेतकऱ्याची भरपाई अवलंबून आहे आणि त्यावर चांगला शोधनिबंधही होऊ शकतो. नालवाडी, वर्धा, सेवाग्राम इथल्या विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी हा विषय हाती घ्यावा, माहितीच्या मर्यादा पहिल्याच पानावर लिहाव्यात आणि निबंध ‘मौसम’ला पाठवावा.